नापास अक्षता

अंजूच्या लग्नात तिच्या सख्ख्या भावानं अक्षता नापास केल्या, तेव्हा मांडवातल्या कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

हा भाऊ, कैलाश, लाखांदूरकडच्या एका धान खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. दिवाळीपासून त्यानं सुटी पाहिली नव्हती. पोत्यातून मूठभर धान काढायचं, ओलावा तपासायचा आणि रांगेतल्या माणसाला 'पास' किंवा 'वाळवून आणा' म्हणायचं, एवढंच काम. पण रांग संपत नव्हती. पुढे पुढे तो घरीही ताटातला भात चिमटीत दाबून पाहू लागला. झोपेत 'पुढचा या' म्हणायचा. एकदा त्यानं देवापुढचा नैवेद्य परत पाठवला.

"माय, दादा थकून राहिला," अंजू म्हणाली होती.

"थकते कायचा," गोदावरीबाई कौतुकानं म्हणाल्या, "पर्मनंट होऊन राहिला."

केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष भैयाजी यांनी बहिणीच्या लग्नाला सुटी दिली ती अर्ध्या दिवसाची, आणि ती मोठ्या मनानं दिली असं त्यांना वाटत होतं. अंजूचं मागणं साधं होतं. दादा मांडवात नुसता उभा नको, खरोखर हजर हवा. आणि बहिणीला नीट सांभाळ, अशी ताकीद म्हणून नवरदेवाचा कान पिळतात, तो त्यानंच पिळावा.

मुहूर्ताला अक्षतांची परात फिरत फिरत खुर्चीत बसलेल्या कैलाशपुढे आली. हळदीच्या पाण्यात नुकत्याच भिजवलेल्या अक्षता. त्याचे डोळे उघडे होते, बाकी तो कुठेच नव्हता. चार दाणे त्यानं चिमटीत दाबले, एक दाताखाली धरला आणि परात मागे सरकवली.

"ओलावा जास्त आहे. वाळवून आणा."

मांडवात निम्मे लोक धानवाले. वाद घातला की रांगेतला नंबर जातो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. हूं की चूं न करता ते उठले. अंगणात ताडपत्री पसरली, अक्षता उन्हात पडल्या, एक आजोबा कोंबड्या हाकायला बसले. ज्यांच्या मुठीत आधीच अक्षता होत्या त्यांनी रांग लावली. मुहूर्त चालला, ही काय थट्टा आहे, असं विचारत नवरदेवाचे मामा तणतणत आले. मधे घुसू नका, मागून या, असं त्यांना सांगण्यात आलं. मामा पुटपुटत मागे जाऊन उभे राहिले.

रांगेच्या टोकाशी कैलाश खुर्चीतच झोपला होता.

गोदावरीबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. अंजू बाशिंग सावरत आडवी आली.

"उठवू नको माय."

"अवं, तुहं लगन हाय."

"हाय नं. हळू लावा."

मग लग्न हळू लागलं. बँडवाल्यांना चहाला पिटाळलं. महाराजांनी मंगलाष्टकं कुजबुजत म्हटली. वाळलेल्या अक्षता लोकांनी जपून टाकल्या. राहिला कान. नवरदेव निकेश भंडाऱ्यात विमा विकायचा आणि टार्गेटपायी त्याचाही डोळा लागत नसे. तो खुर्चीपाशी बसला, अंजूनं दादाचा हात उचलून त्याच्या कानावर ठेवला. दादानं झोपेतच कान घट्ट धरला आणि सोडलाच नाही. दोघातिघांनी बोटं सोडवून पाहिली.

"राहू द्या," निकेश म्हणाला. "टेकलं तं बरं वाटून राहिलं."

त्यानं मेहुण्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. थोड्या वेळात दोघंही एका तालात घोरत होते, आणि अंजू शालूच्या पदरानं माशा वारत होती.

दुपारी भैयाजी जीप घेऊन आले. केंद्रावर ट्रॅक्टर खोळंबले होते. त्यांनी आवाज चढवताच अख्ख्या पंगतीनं तोंडावर बोट ठेवलं. भैयाजी चवड्यांवर चालत अंजूपाशी आले.

"पोरी, हा केव्हा येईन?"

"सोमवारी."

"आज तं मंगळवार हाय."

"न्या मंग आत्ताच, काकाजी. पण ह्याले नेसान तं जवाई संगं येते. त्याच्या मामाले तुमीच समजावा."

भैयाजींनी कानाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. खिशातला फोन वाजायला लागला तो त्यांनी काढून बंद केला.

"सोमवार बरा हाय," ते कुजबुजले, आणि जोडे काढून बाजूची रिकामी खुर्ची जवळ ओढली.