छत्रीचा मुद्दा

ज्याला त्रास होतो त्याला त्या त्रासाची थोडीफार माहिती असते, हा शोध साहाय्य कार्यालयाला गेल्या वर्षी लागला. शोध मोठा असल्यामुळे तो ताबडतोब फाइलला लावण्यात आला. घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्यांसाठी एक योजना आखायची होती. तिच्या समितीत तसं करणारे सात जण 'अनुभवी सदस्य' म्हणून घेतले गेले. (आधीच्या समितीतल्या अकरा जणांनाही अंथरुणाचा अनुभव होता, पण झोपण्यापुरता.)

शिवणकाम करणारी काकू या सातांपैकी एक. तिच्या सासूबाई चार वर्षं पलंगावर. त्यांची कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं आणि दर पाऊण तासाने येणाऱ्या "अगं, आहेस का मेलीस?" या चौकशीला उत्तर द्यायचं. काकूला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, सलग दोन तास झोप. पहिल्या बैठकीत तिने तसं सांगितलंही. साहेबांनी ते फळ्यावर लिहून त्याभोवती गोल काढला, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या बैठकीला सातांपैकी सहा जण गैरहजर. सदस्य बैठकीला आला तर घरी आजाऱ्याजवळ कोण बसणार, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कार्यालयाने तत्परता दाखवली. बैठकीपुरती प्रत्येक सदस्याच्या घरी एक मदतनीस बाई पाठवायची, असं ठरलं. काकूकडची बाई कामाला चोख निघाली. सासूबाईंनी तिला नावं ठेवली नाहीत, म्हणजे ती पसंत पडली.

बैठक दोन तासांची, खुर्ची मऊ, डोक्यावर पंखा. तिसऱ्या बैठकीत काकू जी टेकली ती थेट आभारप्रदर्शनालाच जागी झाली. 'सदस्यांनी सखोल चिंतन केले,' अशी इतिवृत्तात नोंद आहे. पुढच्या बैठकीपासून चिंतन सर्वानुमते होऊ लागलं. (हजेरी शंभर टक्के. घोरण्याच्या तक्रारी दोन, दोन्ही शेजारच्या विभागाच्या.)

योजना मात्र फारच साधी निघाली: आठवड्यातून दोनदा, दोन तास, घरी मदतनीस. सहाव्या बैठकीत साहेब सहीला पेन उघडणार, तोच टपालातून निवृत्त झालेल्या सदस्याने विचारलं की अर्ज कोणत्या रंगाच्या कागदावर असावा. म्हाताऱ्याला काय झालं, असं काकूला क्षणभर वाटलं आणि मग लख्ख उमगलं. सही झाली की समिती बरखास्त. समिती गेली की बाई गेली. योजनेला वरून मंजुरी यायला दीड वर्ष तरी लागणार. रंगाने चार बैठका खाल्ल्या. मग कागदाचा समास आला. मग मदतनिसाने दारावरची घंटा किती वेळा वाजवावी, यावर दोन गट पडले.

एकोणिसाव्या बैठकीत साहेबांनी लोकांच्या अर्जांचा गठ्ठाच टेबलावर आणून ठेवला. तीन हजार घरं वाट बघताहेत, म्हणाले. माणूस खरंच सज्जन. "काकू, पहिली मागणी तुमची होती. आता काही राहिलं नाही ना?"

काकूने वरचा अर्ज पाहिला. मला फक्त झोप हवी आहे, असं कोणीतरी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं. तिला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. घरी बाई सासूबाईंचे केस विंचरत असेल, हेही आठवलं.

"एकच," ती म्हणाली. "पाऊस असला तर मदतनिसाने ओली छत्री कुठे ठेवायची?"

साहेबांनी ते फळ्यावर लिहून त्याभोवती गोल काढला. काकूने मान मागे टेकवली.

तेव्हा तुमचाही अर्ज त्या गठ्ठ्यात असेल तर जरा धीर धरा. काकूला शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाला, फक्त हळू, आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय. आणि हो, टपालवाल्या काकांची बायको चक्क हिंडूफिरू लागल्याने त्यांचा अनुभव संपला आणि समितीत एक जागा रिकामी झाली. त्या जागेसाठी कालच तुमचं पत्र मिळालं. चर्चेला राहून गेलेले चाळीस मुद्दे तुम्ही सोबत जोडलेत, तेही समितीला पोचले.