ऊन पडल्यावर काय, कोणीबी जाईल

आभाळ भरून आलं की शहाणी माणसं अंगणातलं वाळवण उचलतात. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, पिशव्या भरायला काढतात. सुट्टी मात्र पाहिजे. सुट्टी आणि पाऊस एका दिवशी आले की जवळा बाजारच्या आमच्या घरातून सहल निघालीच म्हणून समजा. कोरड्या रविवारी त्याच माणसाला मारुतीच्या पारापर्यंत चला म्हणा, बाजेवरून पाय खाली ठेवणार नाहीत.

"मामा, उघडीप झाल्यावर जाऊ की," असं मी लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एकदाच म्हणाले.

"ऊन पडल्यावर काय, कोणीबी जाईल!" मामा म्हणाले, आणि त्यांनी युरियाच्या रिकाम्या गोणीची खोळ करून माझ्या डोक्यावर चढवली. गोणी नुकतीच रिकामी झाली असावी. औंढ्यापर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जीपमधल्या बायका 'नवी सून दिसते, माहेरची आठवण येऊन राहिली' म्हणून हळहळत होत्या.

मुळात पाऊस पडतोय हेच मामांना कबूल नसायचं. सरी आल्या तर ती 'बुरबुर'. छत्री उलटी झाली तर 'वारं सुटलं'. रस्त्यावरून लाल पाणी वाहायला लागलं तर चष्म्याच्या काचा निपटत विचारायचे, "वरल्या अंगाला झाला असंल. इथं कुठंय?"

घरात माणसं सहा आणि छत्र्या तीन. एक धपाट्यांच्या डब्यावर, कारण डबा भिजला की सहल बिघडते. दुसरी लेकरांवर. तिसरी मामांच्या काखेत, मिटलेली. "जोराचा आला तर असू द्या."

एकदा माझे वडील, अण्णा, नांदेडहून व्याह्यांकडे म्हणून इस्त्रीचा सफारी घालून आले आणि नेमके झडीत सापडले. मामांनी त्यांना देवदर्शनाला नेलं. परत येताना काळीपिवळी जीप चिखलात रुतली. सगळे ढकलायला उतरले. अण्णाही उतरायला लागले तर मामांनी हात जोडले. "छ्या छ्या! व्याह्यांनी ढकलायचं म्हंजी आमची इज्जत गेली की. तुमी बसा बराबर आत." अण्णा बसले, आणि जीपचं टप नेमकं त्यांच्या डोक्यावरच फाटलेलं. ढकलणारे त्यांच्यापेक्षा कोरडे राहिले. "तुझ्या सासऱ्यांनी मान फार दिला," नांदेडला पोचल्यावर अण्णांनी पत्रात लिहिलं, "सर्दी अजून उतरली नाही."

सासूबाई, आमच्या आत्याबाई, धपाटे थापता थापता करवादायच्या. "या माणसाला काहून पाऊसच लागते फिरायला, कोण जाणे!" पण पीठ भिजवताना पसाभर जास्तच घ्यायच्या.

या सहलींना एकच माणूस कधी यायचा नाही. माझे मिस्टर. बापलेकात भांडण असं नव्हतं. पण सुट्टी आणि पाऊस जुळले की ह्यांच्या हिंगोलीच्या ऑफिसात अचानक काम निघायचं. मामाही आग्रह करायचे नाहीत. पिशव्या उचलून नुसतं दाराकडे बघायचे, मग म्हणायचे, "चला, गाडी जाईल."

आमची पिंकी पहिलीत होती तेव्हाच्या पंधरा ऑगस्टला मात्र ऑफिसात काम निघणं शक्य नव्हतं. तीन दिवसांची झड होती. पिंकी भिजक्या गणवेशात झेंडावंदनावरून आली तर मामा तयार. "आज सिद्धेश्वरचं धरण!"

आत्याबाईंचा धपाटा थापणारा हात थांबला. मामांची सगळी नोकरी त्या धरणाची गेटं उघडण्या-मिटण्यात गेली होती. पण माझ्या लग्नानंतर त्यांनी सहल कधी तिकडे नेली नव्हती.

"मला ताप येऊन राहिला," हे गादीवरून म्हणाले.

पिंकीने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "न्हाई हो आजोबा, गारच हाय!"

झालं. हे आले. दोन जीपा बदलून, तीन वर्षांच्या गोटूला गोणीत गुंडाळून आम्ही धरणावर पोचलो. मला वाटलं, मामा आता भिंतीवर नेतील, गेटं दाखवतील. ते खाली वळले, जुन्या क्वार्टरांकडे. दारं गेलेली, पत्रे उडालेले, कमरेएवढं गाजरगवत. तिसऱ्या खोलीच्या ओट्यापाशी ते थांबले.

"पिंके, इथं बसायचा तुझा बाप. तुझ्याएवढाच व्हता. सुट्टीच्या दिशी सकाळीच आंघोळ करून, भांग पाडून. मी कबूल केलेलं असायचं, तुला भिंतीवर नेतो, पाणी दाखवतो म्हणून."

"मंग?" पिंकीने विचारलं.

"मंग पाऊस यायचा. पाऊस आला की साहेबाचा माणूस यायचा. गेटवर चला, रजा बंद. लेकरू घेऊन गेटवर कसं जावं? पाणी वाढलेलं. एक डाव दुसऱ्या दिशी घरी आलो, तर हा हितंच बसलेला. काल घातलेलेच कपडे. आईला म्हणत व्हता, बाबा आले की लगेच निघायचं हाय, कपडे काढू नको."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. ह्यांनी आमच्याकडे पाठ केली होती.

"त्याच्यानंतर त्यानं कधी इचारलं न्हाई," मामा म्हणाले. "मीबी कबूल करायचं सोडलं."

पत्रे नसलेल्या खोलीत पाऊस पडत होता. मामा त्याला काहीच नाव देईनात. मी गोटूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग हे वळले, ओट्यापाशी आले आणि ओल्या दगडावर, पँटीची पर्वा न करता, खाली बसले.

"बाबा," ते म्हणाले, "निघायचं ना? पाणी दाखवतो म्हणले व्हते तुमी."

मामांनी हात पुढे केला. ह्यांनी त्यांचं बोट धरलं, आणि बाप पुढे, लेक मागे असे दोघे भिंतीकडचा चढ चढायला लागले.

पिंकी त्यांच्यामागे पळणार होती. आत्याबाईंनी तिला जवळ ओढलं.

"थांब गं बाई. तुझी पाळी नंतर."