बिनचाकाची गाडी

पुंडलिकरावांनी भर दुपारी दुकान बंद केलं आणि समोरच्या हेमराज सुताराला हाक मारली, तेव्हा हेमराजला वाटलं, कोणीतरी गेलं असावं. सेलूच्या बाजारातलं पुंडलिकरावांचं कापडाचं दुकान असं कधी बंद होत नसे. पोरीच्या लग्नातसुद्धा ते मांडवातून दोनदा दुकानात डोकावून आले होते.

"हेमराज, मले एक गाडी बनवून दे. बिनचाकाची."

"बिनचाकाची? मंग ते गाडी कायची? पाट झाला तो."

पुंडलिकरावांनी त्याला समजावलं. त्यांच्या घरी त्याच वर्षी केबल आली होती. टीव्हीवर त्यांनी पाहिलं होतं की बर्फाच्या मुलुखात लोक ऐन थंडीत तंबू ठोकून राहतात आणि सगळं सामान बिनचाकाच्या गाडीवर लादून ओढत नेतात. पुंडलिकरावांनाही बायकोला घेऊन बोर धरणावर एक रात्र काढायची होती. जीप अलीकडेच थांबते, तिथून पाण्यापर्यंत पायवाट, आणि रुख्मिणीबाईंचे गुडघे दुखरे.

"पण पुंडलिकराव, तिथं बर्फ कुठं हाये?"

"दव तर हाये नं! हिवाळ्यात गवत कसं चिंब रायते."

"ठेला काऊन नाई नेत?"

"व्यापाऱ्यांच्या सहलीत ठेला नेलता. चाकं फसले गाऱ्यात. आता चाकंच नाई, तर फसन काय?"

हेमराजनं कानामागची पेन्सिल काढली.

पण पुंडलिकरावांच्या जिवाची घालमेल वेगळीच होती. अख्ख्या संसारात रुख्मिणीबाईंनी साडी मागितली नाही की दागिना मागितला नाही. फक्त दर हिवाळ्यात एकदा दुकानाच्या मागच्या दारात उभ्या राहून त्या म्हणायच्या, "एक दिवस दुकान बंद ठेवा नं. बोरपाशी बसू दोघं." गिऱ्हाइकापुढे कापड मोजता मोजता, मान वर न करता पुंडलिकराव म्हणायचे, "पुढच्या हिवाळ्यात." यंदा मात्र हिवाळा लागला तरी बाई काही बोलल्या नाहीत. पोरीकडे, रक्षाकडे, पिपरी मेघेला चार दिवस राहायला निघून गेल्या. मागणारं माणूस मागायचंच थांबलं, म्हणून पुंडलिकराव घाबरले. बाई परत यायच्या आत गाडी तयार हवी होती.

"पण गाडीचे दोन्ही पाय पुढून वर वळलेले पाह्यजे," हेमराज म्हणाला. "अन् लाकूड वाकवाची सोय माह्याजवळ नाई. वाकलेलंच शोधा लागन."

शोधायला लांब जावं लागलं नाही. पुंडलिकरावांच्या परसात बोरीचं झाड होतं. त्याच्या दोन मोठ्या फांद्या गाडीसाठीच वाढवल्यासारख्या वळलेल्या होत्या. कच्च्या बोरांनी झाड लगडलं होतं.

"भरल्या झाडाले हात लावता?"

"अरे, बोरं काय बाजारात भेटत नाई?"

दोन फांद्या गेल्यावर उरलेलं झाड एका अंगाला कलंडलं, म्हणून तेही कापलं. कमरेएवढा बुंधा राहिला. वर बसवायला चौकट हवी होती. ती झाडाखालीच सापडली, दोरीनं विणलेली जुनी बाज.

"हे कोणाची बाज?"

"कोणाची नाई. पडून रायते तिथं," पुंडलिकराव म्हणाले. त्या बाजेवर बसलेलं त्यांनी कधी कोणाला पाहिलं नव्हतं. अर्थात, दिवसभर दुकानात बसणाऱ्या माणसाला परसातलं काय दिसणार!

ठरल्या दिवशी गाडी जीपच्या टपावर चढली. गोदड्या, ताडपत्री, रोडग्यांचं पीठ, ते भाजायला गोवऱ्या आणि वांगी असा सगळा जामानिमा झाला. पुंडलिकरावांनी रुख्मिणीबाईंना पिपरी मेघेहून परस्पर उचललं. सेलू आलं तरी घरी थांबू दिलं नाही.

"अवो, कुठं नेऊन राह्यले?"

"तू बस गुमान."

रक्षाच्या घरच्या चहापोह्यांत उशीर झाला होता. हिंगणी ओलांडून जीप धरणापाशी पोचली तेव्हा दव वाळून गेलं होतं. उद्या यायला सांगून पुंडलिकरावांनी जीपवाल्याला परत पाठवलं. मग खांद्याला दोर लावून त्यांनी जोर केला. गाडी दोन पावलं सरकली आणि मुरमात नाक खुपसून बसली. बाई दुखऱ्या गुडघ्यांनी मागून ढकलू लागल्या. तिकडून जाणारा एक गुराखी कळवळून म्हणाला, "काका, चाकं कुठी पडले तुमचे?"

रडतखडत एक चढ संपला आणि समोर पाण्यापर्यंत वाळल्या गवताचा उतार आला. तिथं गाडीला आपण कशासाठी जन्मलो ते एकदम उमगलं. पुंडलिकरावांच्या हातातला दोर हिसडून ती जी सुटली, ती थेट धरणात! गोदड्या भिजल्या, पिठाची पाण्यातच कणीक झाली, वांगी तेवढी तरंगत राहिली.

पुंडलिकरावांनी कमरेएवढ्या पाण्यात शिरून गाडी बाहेर ओढली आणि कुडकुडत काठावर बसले.

"अवो, पण इथं आणलं काऊन मले?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"काऊन म्हंजे? तूच तर म्हणत होती, बोरपाशी बसू."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मी आपल्या घरच्या बोरपाशी म्हणत होती. परसातल्या. दुपारी एकटीच बाजीवर बसत होती मी, म्हून म्हणलं, एक दिवस तुमी बी याल."

पुंडलिकरावांची थंडी पळाली. ते चटकन सरकून गाडीपुढे बसले, पण एवढी गाडी त्यांच्या आड कशी लपणार? बाईंचा हात ओल्या दोरीवरून फिरला, मग खालच्या लाकडावर थांबला. "याले काटे कायचे?"

पुंडलिकराव भिजलेल्या गोदड्या पिळू लागले. बाईंनी न रागावता गोदडीचं दुसरं टोक धरलं, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

संध्याकाळच्या एसटीनं दोघं परतली. टपावरच्या वस्तूकडे बोट दाखवून कंडक्टरनं विचारलं, "हे काय हाये?" पुंडलिकरावांनी दोन तिकिटांचे पैसे पुढे केले.

सकाळी रुख्मिणीबाई परसात गेल्या आणि बुंध्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"बोर कापली का जोमानं फुटते म्हणते हेमराज," पुंडलिकराव मागून चाचरत म्हणाले.

"फुटन. दोन-तीन वर्सानं सावली बी पडन."

त्या दिवशी पुंडलिकरावांनी दुकान उघडलं नाही. गाडी ओढत आणून बुंध्याशेजारी मांडली. बाई तिच्यावर बसल्या. दुपारी ऊन डोक्यावर आलं, तसे पुंडलिकराव आतून काळी छत्री घेऊन आले आणि बाईंच्या डोक्यावर धरून उभे राहिले.

शेजारच्या वच्छलाबाईंनी कुंपणावरून डोकं काढलं. "अवो भाऊ, मले अस्तराचं कापड पाह्यजे होतं. दुकान काऊन बंद? अन् छत्री कायले? पानी कुठं हाये?"

"दुकान आज बंद हाये," पुंडलिकराव म्हणाले, "अन् मी सध्या बोर हाव."

वच्छलाबाईंचं डोकं खाली गेलं.

"मंग बसा नं," रुख्मिणीबाई जरा सरकून म्हणाल्या. "मी दोघं म्हणलं होतं."

पुंडलिकराव बसले. दोघांच्या वजनानं गाडी मातीत चांगली दोन बोटं रुतली, पण या वेळी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. छत्री मात्र लहान होती. ऊन दोघांच्याही पायांवर येत राहिलं.