जिन्यात अडकलेली नदीसफर

नकाशेवाल्या काकांनी नदीची लांबी मोजली होती, काठच्या रस्त्याचे चढ मोजले होते, पंक्चर कुठं काढून मिळेल तेसुद्धा नकाशावर हिरव्या शाईनं टिपलं होतं. जिना तेवढा मोजायचा राहिला.

चूक तशी प्रेमापोटीच झाली. शहराला वळसा घालून जाणारी नदी समुद्राला कुठं मिळते, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं, असं काकू लग्नापासून म्हणत होत्या. पण सायकलवर त्यांना तोल म्हणून सांभाळता येत नसे. काकांनी निवृत्त होताच दोन जुन्या सायकली मागेपुढे जोडून एक करून घेतली, म्हणजे पुढे बसून तोल ते सांभाळणार आणि काकूंनी मागे नुसतं पायडल मारायचं. वेल्डर तिसऱ्या मजल्यावर घरीच बोलावला, डोळ्यांसमोर काम झालेलं बरं म्हणून. सरावही हॉलमध्येच, स्टँडवर. चाकं फिरत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

निघायच्या दिवशी ती लांबलचक सायकल एक जिना उतरली आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर घट्ट रुतून बसली.

“उभी करून बघा,” पहिल्या मजल्यावरचा शिंपी खालून म्हणाला.

उभी केली, तर छताचा पोपडा काकांच्या डोक्यावर आला आणि सायकल आणखी पक्की अडकली. वरची नर्स कामावर निघाली होती, ती सायकलीखालून रांगत गेली. जाताना ती हसलीसुद्धा नाही, हे काकूंना फार लागलं.

“करवत आणतो,” काका घाम पुसत म्हणाले. “कापून टाकू. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी गुडघे हो म्हणायला हवेत ना.”

काकूंची नजर वळणासमोरच्या दारावर होती. ते उघडलं, तर पुढचं चाक आत घालून सायकल वळली असती. पण ते दार मास्तरीणबाईंचं. काकूंच्या कुंड्यांचं पाणी बाईंच्या धुतलेल्या चादरींवर ठिबकल्यापासून दोघींचा अबोला होता, आणि चूक आपलीच आहे हे काकूंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्यांनी केस सारखे केले आणि कडी वाजवली. दार लगेच उघडलं. म्हणजे बाई दारामागेच उभ्या होत्या.

“पाणी माझ्याच कुंड्यांचं होतं,” काकू म्हणाल्या. “चुकलं माझं.”

“ते मला तेव्हाच कळलं होतं. आता दारात काय उभ्या राहताय? चाक आत घ्या. टेबल मी मघाशीच सरकवलंय.”

मग बाईंनी सगळा कारभार हातात घेतला. “डावीकडे, काका. डावा हात कुठला तो माहितीये ना?” चाक त्यांच्या सोफ्यापर्यंत गेलं, मागचा भाग फिरला आणि सायकल सुटली. खाली शिंप्यानं तर दारातलं शिलाईयंत्रच उचलून बाजूला ठेवलं होतं. रस्त्यावर आल्यावर दोघं बसले, सायकल आधी चार हात वाकडीतिकडी गेली, मग सरळ झाली. काकूंना हसूही येत होतं आणि रडूही.

काकांनी मात्र एकदम ब्रेक दाबला. “अगं, पण परत आल्यावर ही वर कशी न्यायची?”

“वर कशाला?” बाई खिडकीतून म्हणाल्या. “तुम्ही आलात की आम्ही दोघी जाणार. पुढं मी बसेन, मला चालवता येते.”

काका वळून बघायला लागले, तशी मागून काकूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

“मारा पायडल. बाईंना ताटकळत ठेवायचं नाही.”