संघमित्राबाईंची भाषामोहीम आणि वांग्यांचा निवाडा

एरंडोल मुक्कामीं जें वर्तमान घडलें तें घडलें तैसेंच लिहितों. पदरचें घालीत नाहीं, आणि घातलें तर थोडकेंच घालूं.

कसबे एरंडोल येथील राजश्री आधारभाऊ यांची पदवीधर कन्या संघमित्राबाई, यांस धुळेकर आत्या नर्मदाबाईसाहेबांनीं लॅपटॉप इनाम दिला, आणि करार केला कीं, हिवाळ्यांत भरिताचा जाळ पेटेल त्या दिवशीं यंत्राकडून कांहीं एक काम करवून दाखवावें, न दाखविल्यास लॅपटॉप आत्याबाईंचे चिरंजीव जीवनराव यांजकडे रवाना व्हावा. बाई कबूल जाहल्या. मग कोणती भाषा शिकावी ही मसलत पडली.

जीवनरावांनीं धुळ्याहून खलिता धाडिला कीं, जावा हीच खानदानी, मोठमोठ्या कचेऱ्या तिचेच पदरीं. आणि जळगांवाहून मैत्रीण शिल्पाबाईंचा निरोप आला कीं, पायथन सोपी, रयतेस मानवणारी. मग कोणी जावास्क्रिप्टचें निशाण फडकाविलें, कोणी सी वांचून पाया नाहीं ऐशी ताकीद दिली. बाई रोज नवी तुलना पाहत, एकीचा धडा उघडीत आणि दुसरीची कीर्ति ऐकून मिटीत. पावसाळा सरला, वांगीं धरलीं, कापूस वेंचून जाहला, आणि एक ओळ लिहिली गेली नाहीं. मनांत धास्ती होती, ती आणिक एक व्हिडिओ पाहून दडपीत.

मग भरिताचा दिवस उजाडला. मळ्यांत उभय पक्ष जय भीम करून समोरासमोर बसले, आणि जावा-पायथनचें ऐसें तुंबळ युद्ध जाहलें कीं, कांदापात चिरणारे हात थांबले. जीवनरावांनीं बोलतां बोलतां लॅपटॉपची पिशवी जवळ ओढिली. संघमित्राबाईंनीं पिशवीचा दुसरा बंद धरून ठेविला. नर्मदाबाईसाहेब कपाशीच्या काड्या जाळांत सारीत होत्या, तेथूनच त्यांचा हुकूम सुटला : “बठ्ठा बोलतस, लिखस कोन? वांगं भाजाले काडी कोना वावरनी, हाई कोनी इचारस का? हातले लागनी ती पेटाव!”

काडी कोणाच्या शेतची हें न पुसतां हातीं लागेल ती पेटवावी, हा हुकूम मानून बाईंनीं लॅपटॉप उघडिला. शिल्पाबाईंनीं मागें घालून दिलेली पायथन त्यांत आयतीच होती, तीच हातीं धरून, पंगतीस वांगीं किती लागतील याचा हिशेब यंत्राकडून करविण्यास बसल्या. पहिला हल्ला फसला, यंत्रानें तांबड्या अक्षरांत चूक काढिली, दुसराही फसला, मग यंत्रानें माणसें किती ऐसें पुसलें, आणि हिशेब करून सांगितलें कीं, वांगीं एक टोपली पुरे. फौजेंत जयघोष जाहला. आत्याबाईंची नजर सांगत होती कीं, टोपली अपुरी. परंतु भाचीच्या यंत्राचा शब्द खालीं पडूं नये म्हणोन त्यांनीं तितकींच भाजविलीं.

पंगत उठण्यापूर्वींच भरीत संपलें. तपासाअंतीं निष्पन्न जाहलें कीं, यंत्रानें जीवनरावांस एकच माणूस धरिलें होतें. बाईंनीं बसल्या जागीं ती दुरुस्ती केली. आत्याबाईंचे वाट्यास कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा इतकेंच आलें. तें खाऊन, हात धुवून, त्यांनीं लॅपटॉप भाचीचे मांडीवर ठेविला. फत्ते जाहली, सबब नमूद केलें.