टँकरवरचा डबा का मरतो?

डबा टेबलावर पुन्हा मेला, तेव्हा पंचशीला चिडली नाही. खुर्ची पुढे ओढून बसली. मेलेल्या यंत्रांचं तिला भारी कुतूहल. घाम फुटला तो तिच्या भागीदाराला, व्यंकटीला. सरकारी पाण्याचा टँकर कुठे आहे ते पाणीवाटपाच्या कचेरीला नकाशावर दाखवणं, एवढंच डब्याचं काम; पण मागच्या खेपेला तो टँकरमालक अमृतरावांसमोरच बंद पडला होता. आज संध्याकाळी शेवटची संधी. चालला तर लातुरातल्या त्यांच्या सगळ्या टँकरांवर बसणार, नाहीतर दोघांच्या दुकानाला कुलूप.

"काल सिमकार्डात मेलं, आज नकाशात. दुखतंय कुठं नेमकं?" व्यंकटीनं विचारलं.

"दुखणं तिसरीकडंच असंल. स्टॅक भरून सांडायलाय, असं वाटतंय मला."

डब्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक कामाला मोजकीच जागा देतो. ती जागा म्हणजे स्टॅक. एका फंक्शननं, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्यानं, दुसऱ्याला बोलावलं की त्याचंही सामान तिथेच चढतं. जागा संपली की सामान शेजारच्या हद्दीत सांडतं आणि बोंब मारत मरतो तो शेजारी. चोर सोडून संन्याशाला फाशी!

खात्रीसाठी व्यंकटीनं जागा मोजणारं नवं फंक्शन घुसवलं. डबा चालू होताच मेला.

"मोजणारंच जागा खायलंय की काय?" पंचशीलाचे डोळे चमकले. तिनं कोड उघडला. "व्यंकटी, एवढासा आकडा ठेवायला दोन हजार बाइट?"

"असू दे की. ऐनवेळी कमी पडलं तर कुठून आणायचं?"

बाकीच्या फंक्शनांतही तेच. विचार करत ती चहाला दुकानामागच्या व्यंकटीच्या घरात निघाली, तर बोळात घागरी, बादल्या, कुकरसुद्धा काठोकाठ. व्यंकटीची आई, नागुबाई, ओरडली, "जपून गं! किटलीतबी पाणी हाय. टँकर कवा येतोय कुणाला ठावं!"

पंचशीला हसतच माघारी आली. "हंडे भर बाबा, पण बोळात नको. अंगणात ने!"

मोठं सामान स्टॅकवरून दुसऱ्या मेमरीत गेलं. डबा टँकरवर चढला आणि दुपारभर एकदाही मेला नाही.

संध्याकाळी अमृतराव आले. "हा ठिपका?"

"तुमचा टँकर, मालक. वस्तीकडं निघालाय." पंचशीला वाकून बघू लागली. "पण हितं का थांबला? हितं तर मंगल कार्यालय हाय."

"माझ्या मेव्हण्याचं," अमृतराव हळूच म्हणाले. "ह्ये मधीच बंद पडत न्हाई का?"

"आता पडणारच न्हाई!" व्यंकटीनं छाती फुगवली.

अमृतरावांनी बराच वेळ ठिपका न्याहाळला. "काम तुम्हालाच. सगळ्या टँकरांवर बसवा." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "पण ताई, मागल्या खेपेचं ते मधी मधी मरणारं हाय का अजून?"