रिबेकामावशींची अर्धी गोळी

रिबेकामावशी अडकित्त्यानं सुपारी नाही, गोळी कातरायच्या. मुगाच्या डाळीएवढी पिवळी गोळी पात्यात धरून, एक डोळा मिटून त्या नेम साधत. अर्धा तुकडा हमखास चुलीकडे उडे.

"गेला तर गेला. तेवढंच विष पोटात कमी!"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचो आणि पुलापलीकडे अष्टमी गावात मावशींच्या माडीवर भाड्यानं राहायचो. मावशी कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे ज्यू; त्यांचे भाऊ-बहिणी एकेक करत इस्रायलला गेलेले. शेवटी धाकटा भाऊही गेला, मावशी राहिल्या. संधिवातानं त्यांची बोटं सुजायची. भाऊ इथं होता तेव्हाच पेणच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच, रविवारी, तीन गोळ्या घ्यायला सांगितल्या. त्या गोळ्यांनी सूज उतरली आणि तिथंच पंचाईत झाली.

"आता बरी हाय मी. मग औषध कोणासाठी? डॉक्टरसाठी?"

बरं आहे की नाही, हे ठरवायची त्यांची स्वतःची परीक्षा होती. रोज सकाळी लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवायचं. उघडलं तर पास. महिनाभर पास झाल्या की गोळी कमी. तिनाच्या दोन झाल्या, दोनाची एक, मग अडकित्ता निघाला. नापास झाल्या तर दोष बरणीचा. "मीठ धरलंय मेलीनं!"

एका सकाळी त्या झाकणाशी झटताना दिसल्या. डोळ्यांत पाणी होतं. मला बघवेना. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर जाताना गुपचूप झाकण सैल करून ठेवू लागलो. मावशी खूश. "बघ, उघडली! नाय लागत औषध." अर्धीही बंद झाली. मी मान डोलावली.

दोन महिन्यांनी त्यांना अंथरुणातून उठताच येईना. मनगटं, गुडघे टम्म सुजलेले. मी त्यांना एसटीनं पेणला नेलं. वाटेत झाकणाचं सगळं सांगून टाकलं.

"तरी म्हटलं, बरणी एवढी गरीब कशी झाली," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टर रागावले नाहीत. "गोळ्या कमी करता येतात कधी कधी, पण मला विचारून, बेताबेतानं. तुम्ही बंद का केल्यात?"

मावशी सुजलेल्या मनगटांकडे बघत म्हणाल्या, "भाऊ होता तवा रविवारी विचारायचा, 'घेतल्यास का गो?' आता विचारणारा कोण नाय. डबी बघितली का तेच आठवतं. गोळीच नसली, तर कोणी विचारायला पण नको."

एका छपराखाली राहून ते विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

तीन गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. हळूहळू सूज उतरली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी झाली ती झालीच.

मग दर रविवारी मी जिन्यावरून हाक मारायचो, "मावशी, गोळ्या घेतल्यात का?"

"नाय रे, विसरले."

खाली जाऊन बघावं तर तिन्ही गोळ्या वाटीत काढलेल्या, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि माझ्यासाठी पाट मांडलेला.